जुनी हॅचबॅक थरथरते, वाजते : दोष शोधायचा कुठे?

पावसाळा संपून घाटरस्ते मोकळे झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थरथर, खडखड आणि घरघर यांविषयीच्या तक्रारी वाढतात. चार महिन्यांचा पाऊस, लाल चिखल आणि बाराही महिने वाहणारी खारी हवा यांचा परिणाम त्याच सुमारास गाडीवर दिसू लागतो. अशा पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न – माझ्याकडे २०११ सालची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून ती लाखभर किलोमीटर चालली आहे. गाडी उभी असताना एसी सुरू केला की स्टिअरिंग आणि सीट थरथरू लागते. शिवाय इंजिनाचे फेरे दोन हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान असताना पायाखालून पत्रा वाजल्यासारखी भुणभुण येते आणि त्यापुढे ती थांबते. गॅरेजमध्ये इंजिनाची एक माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते तो रबरी आधार) बदलून घेतली, पण त्यानंतर थरथर वाढली आणि भुणभुणही तेव्हापासूनच सुरू झाली. आता क्लच आणि गिअरबॉक्स उतरवून पाहावा लागेल, असे सांगण्यात येत आहे. खर्च मोठा आहे. काय करावे?
– एक वाचक, देवगड

उत्तर – गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय तूर्त थांबवावा. आपण केलेल्या वर्णनात त्याच्याकडे बोट दाखवणारे काहीही नाही, आणि याची खात्री आपल्याला स्वतःच करून घेता येईल. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे आणि थरथर किंवा भुणभुण येत असताना क्लचचे पेडल सावकाश तळापर्यंत दाबावे. पेडल दाबले की क्लचप्लेट इंजिनापासून सुटते आणि गिअरबॉक्समधील दांडा फिरायचा थांबतो. पेडल दाबल्यावरही थरथर आणि भुणभुण जशीच्या तशी राहिली, तर गिअरबॉक्सवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

आपल्या गाडीत मला दोन स्वतंत्र दोष दिसतात, आणि माउंटिंग बसवताना राहिलेली त्रुटी त्या दोहोंना जोडणारी असावी. त्यांचा विचार मात्र वेगवेगळा केला पाहिजे.

आधी एसीची थरथर पाहू. एसीचे बटण दाबताच तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात : कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर येतो, रेडिएटरपुढचा किंवा मागचा विजेचा पंखा फिरू लागतो आणि तो भार पेलण्यासाठी इंजिनाचा संगणक फेरे थोडे वाढवू पाहतो. थरथर या तिघांपैकी कोणाची, हे न ठरवता माउंटिंग बदलणे म्हणजे अंदाजाने खर्च करणे होय. पंख्याची चाचणी सर्वांत सोपी आहे. एसी बंद ठेवून इंजिन पुरते गरम होऊ द्यावे, म्हणजे पंखा आपोआप सुरू होईल. तेव्हाही तीच थरथर आली, तर दोष पंख्याचा आहे. पात्याचा तुकडा उडालेला असतो, पात्यावर चिखल वाळून बसलेला असतो किंवा मोटरची बुश झिजलेली असते. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची ऋण तार काढल्याशिवाय तेथे हात घालू नये.

पंखा निर्दोष निघाला, तर फेऱ्यांच्या काट्याकडे पाहावे. आपल्यासारख्या गाडीचे इंजिन उभ्या स्थितीत मिनिटाला सातशे ते आठशे फेरे घेते आणि एसी लावल्यावर काटा किंचित वर सरकून स्थिरावतो. तसे न होता तो सहाशेच्या आसपास घसरत असेल, तर थरथरीचे कारण तेथेच सापडले असे समजावे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोनदा स्फोट होतो. आठशे फेऱ्यांना सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के बसतात आणि सहाशेला वीस. माउंटिंगच्या रबरावर तोललेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची एक संथ गती असते. धक्के तिच्या जेवढे जवळ येतात तेवढे रबर ते गिळण्यात कमी पडते आणि कंप बॉडीत उतरतो. अशा वेळी इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर बसलेला काजळीचा थर क्लीनरने साफ करणे, एअर फिल्टर पाहणे आणि स्पार्क प्लग तपासणे एवढ्यावर काम भागते. विजेवर चालणारे थ्रॉटल असल्यास सफाईनंतर स्कॅनर लावून संगणकाला आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतले फेरे, नव्याने शिकवावे लागू शकते, हे मेकॅनिकला आधीच विचारून ठेवावे. याउलट काटा स्थिर असूनही एसी नसतानाच गाडी मधूनमधून संथ, जाड हिसके देत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाही, असे समजून इग्निशन कॉइल आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

(तीन सिलिंडरच्या गाड्या बाळगणाऱ्या वाचकांसाठी येथेच एक गोष्ट सांगतो. मारुती ८००, आल्टो ८०० किंवा एक लिटर इंजिनाची २०१० नंतरची वॅगन-आर यांच्या इंजिनाची रचनाच अशी आहे की उभ्या स्थितीत थोडा कंप राहणारच. तो शून्यावर आणण्यासाठी पैसे खर्च करू नयेत.)

आता माउंटिंग, ज्याला अनेक गॅरेजांत फाउंडेशन म्हणतात. नवी माउंटिंग टाकल्यावर थरथर वाढली, ही आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. असे होण्याची तीन कारणे संभवतात. स्वस्तातील सुट्या भागाचे रबर फार कडक असते आणि ते कंप शोषण्याऐवजी पुढे पाठवते. किंवा एक माउंटिंग नवी आणि उरलेल्या जुन्या, दबून खाली गेलेल्या, अशी स्थिती झाल्याने इंजिन तिरके राहते. किंवा बोल्ट आवळताना इंजिन आपल्या जागी नीट बसू न दिल्यामुळे रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकते. तिसरे कारण बिनखर्चाचे असल्याने त्यापासून सुरुवात करावी. इंजिन खालून जॅक आणि लाकडी ठोकळ्यावर तोलून सर्व माउंटिंगांचे बोल्ट सैल करावेत, इंजिन हाताने पुढेमागे हलवून मोकळे बसू द्यावे आणि मगच बोल्ट ठरलेल्या जोराने आवळावेत. इंजिनाला खालून धरून ठेवणारा टॉर्क रॉड आणि त्याची रबरी बुश याच वेळी पाहून घ्यावी, कारण ती वरून दिसत नाही आणि बहुतेकदा तपासायची राहूनच जाते. काही माउंटिंगांत द्रव भरलेला असतो. अशा माउंटिंगच्या खाली काळा तेलकट ओघळ दिसला, तर ती निकामी झाली आहे. एवढे करूनही फरक पडला नाही, तर गाडीच्या कंपनीचीच माउंटिंग घ्यावी. या एका भागात बचत करणे मला पटत नाही.

माउंटिंग आणि भुणभुण यांचा संबंध असा, की एक्झॉस्टचा पाइप पुढच्या टोकाला इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन अर्ध्या बोटाने सरकले, तर तोच सरक मागे सायलेन्सरपर्यंत पोहोचतो आणि जो पाइप इतकी वर्षे मोकळा लटकत होता तो बॉडीच्या किंवा आडव्या पट्टीच्या अगदी जवळ येऊन विशिष्ट फेऱ्यांना तिला लागू लागतो. म्हणून माउंटिंगचे काम झाल्यावर एक्झॉस्टचा पुढचा जोड सैल करून पाइपला ताणाविना बसू द्यावे. त्यानंतरही आवाज राहिला, तर संशय उष्णतारोधक पत्र्यावर जातो. हा पातळ पत्रा एक्झॉस्टच्या उष्णतेपासून गाडीचा तळ वाचवतो. आपल्याकडील खाऱ्या हवेत त्याच्या बोल्टांभोवतीची भोके गंजून मोठी होतात आणि पत्रा सैल पडतो. प्रत्येक पत्र्याला कंप पावण्याची स्वतःची गती असते. इंजिनाचे फेरे तिच्याशी जुळले की तो वाजतो आणि पुढे गेले की गप्प होतो, म्हणूनच आपला आवाज अडीच हजारांनंतर थांबतो.

हे शोधण्यासाठी एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना सायलेन्सरवर आणि पाइपवर मुठीने किंवा लाकडी हातोडीने हलके ठोकावे. सैल पत्रा तेव्हाच खुळखुळतो. पाइपच्या फुगीर भागातूनच, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून खडे हलल्यासारखा आवाज आला, तर आतील जाळी फुटली आहे. एवढ्याने कळले नाही, तर गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्यावी, एकाने इंजिन सव्वादोन हजारांवर धरावे आणि मेकॅनिकने लांब लाकडी काठीने एकेक पत्रा, पाइप लटकवणारा एकेक हँगर दाबत जावे. जेथे दाबल्यावर आवाज थांबतो, तेथे दोष. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये.

दुरुस्ती स्वस्त आहे. गंजलेल्या भोकावर मोठा वायसर टाकावा किंवा पत्रा पाइपभोवती स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिपने आवळावा. हँगरची रबरे चिरली असतील तर सगळी एकदम बदलावीत. ‘वाजतो तर काढून टाकू’ असे कोणी सुचवले, तर मान्य करू नये. सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) वाळक्या गवतावर गाडी उभी करण्याची आपल्याकडे सवय आहे आणि तापलेल्या एक्झॉस्टचा गवताशी संपर्क धोक्याचा असतो. पाइप गंजून भोक पडले असेल, तर मात्र ते काम पुढे ढकलू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न – मी नोकरीनिमित्त मुंबईत असतो. माझी जुनी हॅचबॅक गुहागरजवळच्या गावी उभी असते आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्याच काळात वापरली जाते. महामार्गावर ताशी ७० ते ९० किलोमीटर वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरते, साठच्या खाली काही जाणवत नाही. दोनदा व्हील बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करणे) केले, तरी फरक नाही.
– एक चाकरमानी वाचक

उत्तर – आपला कंप इंजिनाचा नसून चाकांचा आहे, हे वर्णनावरून बहुतेक निश्चित होते, पण ते एकदा पडताळून घ्यावे. मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू होणारा वेग धरून ठेवून वरचा गिअर टाकावा, मग खालचा टाकून पाहावा. गिअर बदलला तरी थरथर त्याच वेगाला राहिली तर ती चाकांची. गिअरबरोबर ती वेगळ्या वेगाला सरकली तर इंजिनाची किंवा एक्झॉस्टची. यामागचे गणितही सोपे आहे. १६५/८० आर १४ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर पुढे जातो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेअकराच्या जवळपास फेरे घेते. त्याच क्षणी वरच्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला चाळीसच्या आसपास फिरत असते. चाकाचा हादरा जाड आणि हाताला ओळखू येणारा असतो, इंजिनाचा कंप बारीक, झिणझिण्या आणणारा. ज्यांना आकडाच हवा असेल, त्यांनी मोबाइलवरील कंप मोजणारे ॲप वापरावे. फोन सीटवर घट्ट दाबून शेजारी बसलेल्याने वाचन घेतले, तर अकरा-बाराच्या जागी उंचवटा दिसेल.

दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक का पडला नाही, याची कारणे तपासण्यासारखी आहेत. पहिले कारण रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला लाल चिखल. बाहेरून धुतलेल्या चाकाच्या आत तो तसाच राहतो. गोफणीत फिरणारा दगड हाताला ओढतो, तसा रिमच्या कडेला चिकटलेला २० ग्रॅमचा गोळा चाकाला बाहेर खेचतो. १४ इंची रिमवर ताशी ४० किलोमीटरला हा जोर अर्धा किलो वजनाएवढा असतो, पण ८० ला तो जवळपास दोन किलो होतो, कारण वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. साठच्या खाली काही न जाणवण्याचे कारण हेच. चिखल न काढता बॅलन्सिंग केले आणि तो पुढच्या दोन-चार दिवसांत गळून पडला, तर केलेले बॅलन्सिंगच नवा दोष बनते. म्हणून चाक मशीनवर चढवण्यापूर्वी आतून ब्रशने धुऊन घेण्याचा आग्रह धरावा.

दुसरे कारण हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंज, आणि किनाऱ्यालगत वर्षाचा बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत मला हेच अधिक संभवनीय वाटते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बिनचूक बसते, पण गाडीच्या हबवर गंजाची पापुद्रे आलेली असतील तर तेथे ते किंचित वाकडे बसते. मशीनवरचा शून्य आकडा मग रस्त्यावर उपयोगी पडत नाही. चाक काढून हबचे आणि रिमचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि नट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. एअर गनने एकामागोमाग एक गोल फिरून आवळलेले नट चाक तिरके बसवतात.

तिसरे कारण स्वतः टायर. गाडी महिनोन्महिने एकाच जागी राहिली की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. थोड्या दिवसांचा चपटेपणा टायर गरम झाल्यावर निघून जातो, म्हणून पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थरथर कमी होते का, हे लक्षात घ्यावे. सहा-आठ महिन्यांचा चपटेपणा, विशेषतः हवा कमी असताना आलेला, कायमचा असू शकतो. चाक उचलून हाताने फिरवावे आणि टायरच्या पृष्ठभागाजवळ खडू स्थिर धरावा. खडू सर्वत्र सारखा न लागता दीड मिलिमीटरहून अधिक चढउतार दिसला किंवा एखाद्या ठिकाणी फुगवटा आढळला, तर ते टायर बॅलन्सिंगने सुधारणार नाही. फुगवटा असलेले टायर महामार्गावर फुटू शकते, ते त्याच दिवशी बाजूला काढावे. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंकी आकडा असतो. २३१९ असेल, तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले आहे. कमी चाललेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक दिसते आणि त्यामुळे वयाकडे दुर्लक्ष होते. खर्च करण्याआधी पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहावी. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटखाली गेली, तर दोष आधी पुढे असलेल्या जोडीत आहे.

गाडी पुन्हा गावी उभी करताना चारही टायरांत हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी, हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढेमागे दगड लावावेत, आणि गावी असलेल्या कोणा जाणत्या माणसाला महिन्यातून एकदा गाडी सुरू करून काही किलोमीटर फिरवून आणण्यास सांगावे. नुसती हातभर पुढेमागे केली, तरी टायरांना त्याचा लाभ होतो. खालून धुताना विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर ते वापरू नये.

प्रश्न – आमच्या तेरा वर्षांच्या गाडीने आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग आणि ब्रेकचे पेडल दोन्ही हादरतात. ब्रेक न लावता गाडी अगदी शांत चालते. हे धोक्याचे आहे का?
– एक शिक्षिका, लांजा

उत्तर – लगेच घाबरण्याचे कारण नाही, पण पुढच्या घाटप्रवासापूर्वी काम करून घ्यावे. केवळ ब्रेक लावल्यावर येणारा हादरा पुढच्या ब्रेकडिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही, असे सांगतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने एक-दोन एवढाही फरक पेडलला जाणवू शकतो. डिस्क पातळ जागी आली की पॅडचा दाब कमी होतो, जाड जागी वाढतो, आणि हे सेकंदाला कित्येकदा घडते. पेडल हादरते पण स्टिअरिंग शांत राहते, असे असेल तर मागच्या ड्रमचा गोलाकार बिघडलेला असण्याची शक्यता अधिक असते. आपल्याकडे दोन्ही हादरतात, त्यामुळे सुरुवात पुढच्या चाकांपासून करावी.

खाऱ्या दमट हवेत गाडी काही आठवडे उभी राहिली, तर पॅडखाली झाकलेला डिस्कचा भाग वेगळा आणि उघडा भाग वेगळा गंजतो. त्यातून अशी असमानता येते. पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या तर एक पॅड डिस्कला सतत घासत राहतो आणि डिस्क तापते. घाट उतरून आल्यावर चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांहून स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर त्या कॅलिपरच्या पिना काढून स्वच्छ कराव्यात आणि ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. नवी डिस्क बसवताना किंवा जुनीला लेथवर कट मारून घेताना हबचा गंज काढलाच पाहिजे, नाहीतर वाकडी बसलेली डिस्क काही हजार किलोमीटरांत पुन्हा असमान झिजते. डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर किंवा मध्यभागी कोरलेली असते. कट मारल्यावर जाडी तिच्याखाली जाणार असेल, तर नवीच घ्यावी आणि दोन्ही बाजूंची एकदम घ्यावी.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहून इंजिनाचाच अटकाव वापरावा. सतत हलका दाबून ठेवलेला ब्रेक डिस्कला सर्वाधिक तापवतो. पेडल मऊ लागले किंवा खोल जाऊ लागले, तर मात्र गाडी सुरक्षित जागी थांबवावी. तो हादऱ्याहून वेगळा आणि गंभीर दोष आहे.

प्रश्न – आंबोलीचा चढ चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की गाडीचा पुढचा भाग डावीकडे-उजवीकडे डोलल्यासारखा थरथरतो. पाय उचलला की लगेच थांबतो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही झाले आहे.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर – जोर देताना येणारी आणि पाय उचलताच जाणारी थरथर बहुधा ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, गिअरबॉक्सकडील सांध्याची असते. त्या सांध्यात तीन रोलर एका कपाच्या आत पुढेमागे सरकतात. कपाच्या भिंतींवर झिजेच्या खाचा पडल्या की भाराखाली ते अडखळतात. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर कटकट येत असेल, तर चाकाकडील बाहेरचा सांधाही झिजला आहे. दोन्हीकडचे रबरी बूट हाताने चाचपून पाहावेत. घड्यांत चीर असली, आजूबाजूला ग्रीस उडालेले दिसले, तर ग्रीस जाऊन आत मातीचे कण गेले आहेत. चीर नवी असून थरथर सुरू झालेली नसेल, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून सांधा वाचतो. आपल्या बाबतीत ती वेळ बहुधा निघून गेली आहे आणि कपासह सांधा बदलावा लागेल. त्याआधी टॉर्क रॉडची बुश मात्र तपासावी, कारण चढावर तिचा दोषही असाच भासतो.

प्रश्न – जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्यावर गाडीच्या मागच्या भागातून सतत खडखड येते. शॉकअप नवे आहेत.
– एक वाचक, मालवण

उत्तर – प्रथम डिकी पूर्ण रिकामी करावी : जॅक, पाना, स्टेपनी, मागची फळी, सगळे बाहेर. खडखड थांबली तर एकेक वस्तू परत ठेवत जावे. थांबली नाही, तर मागच्या दाराच्या कडेची रबरी बटणे थोडी बाहेर फिरवून दार घट्ट बसते का पाहावे आणि नंबरप्लेटच्या मागे रबराचा तुकडा लावावा. तरीही राहिली, तर शॉकअपच्या वरच्या टोकाचे रबर नव्या शॉकअपबरोबर बदलले होते का, हे गॅरेजला विचारावे. खडखड तेथूनच येत असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न – अलीकडेच एक वापरलेली हॅचबॅक घेतली. ताशी ४० च्या पुढे घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर वाढते. टायर नवे आहेत. मेकॅनिक म्हणतो, टायरचाच आवाज आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर – टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. गुळगुळीत डांबरावर तो कमी होतो, खरखरीत काँक्रीटवर वाढतो. बेअरिंगची घरघर रस्ता कोणताही असला तरी तशीच राहते. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ताशी ५० च्या आसपास गाडी हळुवार डावीकडे आणि मग उजवीकडे झुकवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, त्यामुळे तेव्हा घरघर वाढली तर उजवे बेअरिंग संशयित, आणि उलट असल्यास डावे. मग ते चाक उचलून, एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बिघडलेल्या बेअरिंगचा खरखरीतपणा स्प्रिंगमधून हाताला स्पष्ट जाणवतो. चाक वर-खाली धरून हलवले असता खटखट आली, तर बेअरिंग पुढच्या प्रवासापूर्वी बदलावे.

आपली गाडी वापरलेली असल्याने आणखी एक चौकशी करावी. चिपळूणने जुलै २०२१ मध्ये मोठा पूर पाहिला आहे, आणि वाशिष्ठीच्या काठी किंवा अन्यत्र पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे विकल्या जातात. हब बुडेपर्यंत पाणी आले, तर बेअरिंगच्या सीलमधून ते आत शिरते आणि ग्रीस निकामी करते. सीटखालील लोखंडी रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढून काढल्यावर तळाशी दिसणारी चिखलाची रेघ, स्टेपनीच्या खड्ड्यातील गाळ, एवढे पाहिले तरी अंदाज येतो. या खुणा आढळल्या, तर एक बेअरिंग बदलून थांबू नये. चारही चाकांची बेअरिंग, मागचे ड्रम, अल्टरनेटर आणि सीटखालून गेलेल्या वायरिंगचे जोड एकाच वेळी उघडून पाहण्यास सांगावे, आणि विक्रेत्याशी झालेला करार तोपर्यंत जपून ठेवावा.